आधी थोरल्याला उठवायचं

मी नेमकं काय काम करते ते आमच्या घरात कुणालाही विचारू नका. नवरा सांगतो, "ती कॉम्प्युटरचं काहीतरी करते." सासूबाई सांगतात, "ती चिंचवडला जाते." दोन्ही खरं आहे. मी कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणाचं आधी ऐकायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे सगळं तो बघतो. नीट चाललं असेल तर त्याचं कुणी नावही घेत नाही. बिघडलं की मात्र माझं नाव घेतात.

आमची कंपनी अकरा जणांची. चिंचवडला एका गिअर कापणाऱ्या शेडच्या माडीवर आम्ही बसतो. खाली मोठं मशीन सुरू झालं की वर चहाच्या कपात लाटा उठतात. आम्ही एक काळा डबा बनवतो. कारखान्यात पट्ट्यावरून सुटे भाग पुढे सरकत असतात, त्यांच्यावर कॅमेरे रोखलेले असतात आणि कुठल्या भागाला चीर गेलीय, कुठल्याचं भोक वाकडं पडलंय, हे तो डबा ओळखतो. डब्यातला कर्नल माझ्या ताब्यात. वीसेक वर्षं हेच करत आल्यामुळे मला थोडा माज आहे. आमचे मालक म्हणतात तेवढा नाही, पण आहे.

चाकणच्या एका कारखान्यात आमचा सोळा कॅमेऱ्यांचा डबा बसला. इतके कॅमेरे एका डब्याला आम्ही कधी जोडले नव्हते. पहिले दोन महिने अगदी गुण्यागोविंदाने गेले. मग त्या कारखान्यात ऑडिट आलं आणि ऑडिटवाल्यांना भिंतीवर कागद दिसला नाही. झालं! ज्या मशीनपाशी कागद नाही ते मशीनच नव्हे. मला निरोप आला की डबा सुरू करायची पद्धत लिहून द्या. मी माझ्या टेबलाशी बसून दहा मिनिटांत सात ओळी लिहिल्या. आधी कॅमेऱ्यांच्या पट्टीचा, म्हणजे त्यांना वीज देणाऱ्या सॉकेटच्या पट्टीचा, स्विच लावा, मग डब्याचा स्विच लावा, मग पडद्यावर अमुक येईपर्यंत थांबा, वगैरे. खाली आमच्या ऑफिसचा फोन नंबर. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनला चिकटवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी डबा सुरू झाला नाही.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. बुधवारी शेवटची शिफ्ट संपली की मेन बंद, शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टला परत चालू. बाकी आठवडाभर डबा बंद होतच नाही, त्यामुळे त्याला उठायचं काम आठवड्यातून एकदाच. आणि त्या एकदाच्या कामात तो अडकायला लागला. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी, पुढे सामसूम. मग सगळं बंद करून परत लावलं की सुरू व्हायचा. पण तोवर लाइन वीस मिनिटं उभी. चाकणला लाइन वीस मिनिटं उभी राहणं म्हणजे लग्नात नवरदेव वीस मिनिटं न सापडण्यासारखं असतं. जो तो दुसऱ्याकडे बघून ओरडतो.

त्यांनी मला डब्याचा लॉग पाठवला. लॉग म्हणजे डब्याने स्वतःच लिहिलेली रोजनिशी, कधी काय झालं त्याची. मी वाचला. कॅमेरा दिसला की त्याला चालवणारा ड्रायव्हर लागतो. हा ड्रायव्हर आम्ही कर्नलमध्ये कायमचा भरून ठेवत नाही. तो वेगळा तुकडा असतो, त्याला मॉड्यूल म्हणतात, आणि गरज पडली की कर्नल तो मेमरीत मागवून घेतो. एकदा मागवला की झालं, सगळ्या कॅमेऱ्यांना तोच चालतो. लॉगमध्ये मात्र तेच मॉड्यूल मागितलं होतं, परत मागितलं होतं, परत मागितलं होतं. मी मोजलं. चौदा वेळा. एका सेकंदात.

आता, इतक्या वेळा मागणी कधी येते? कॅमेरे जातात आणि येतात, जातात आणि येतात, तेव्हा. म्हणजे कुणीतरी पट्टीचा स्विच खालीवर करतंय. शिवाय लॉगमध्ये पुढे सगळं बंद करून परत लावल्याचंही दिसत होतंच. मी मालकांना म्हटलं, "ऑपरेटर स्विचशी खेळतोय, दुसरं काही नाही." एका सेकंदात चौदा वेळा स्विच खालीवर करायला माणसाला किती हात लागतील, हा विचार वीस वर्षांच्या अनुभवाला शिवलासुद्धा नाही. कर्नल माझा ना! आपला तो बाब्या.

मी मेल लिहिली. "ऑपरेटर कॅमेऱ्यांचा स्विच वारंवार चालू-बंद करत असल्याचे दिसते. कृपया योग्य ते प्रशिक्षण द्यावे." 'दिसते' लिहिलं, कारण आम्ही शास्त्रीय माणसं.

दोन दिवसांनी त्यांच्या लाइनच्या साहेबांचा फोन आला. हे साहेब राजगुरुनगरहून येतात. माणूस सज्जन, पण त्यांना फॉर्मचं भारी वेड. ते आनंदाने म्हणाले, "मॅडम, तुमच्या मेलवर ॲक्शन घेतली. बाईंना मेमो दिला." पुढच्या शुक्रवारी डबा पुन्हा अडकला आणि दुसरा मेमो गेला. साहेबांनी पुन्हा फोन करून सांगितलं, "आता तिसऱ्यांदा झालं की लाइनवरनं काढायचं. तशीही कॉन्ट्रॅक्टवर आहे, महिनाअखेरीला रिन्यू करायचंय, तेव्हा बघून घेऊ." मी म्हटलं, "ओके." तेवढंच म्हटलं, मला चांगलं आठवतंय. पलीकडे कोण बाई आहे, तिचं काय होईल, याच्याशी माझा काय संबंध? मी उंटावर बसले होते.

मालक मात्र घाबरले. दुसऱ्या कारखान्याची ऑर्डर याच डब्यावर अवलंबून होती. म्हणाले, "तू स्वतः जा आणि त्या बाईला शिकवून ये. आणि प्रेमाने शिकव. तुझ्या पद्धतीने नको."

शुक्रवारी पहाटे रावेतहून निघाले. पहाटे रस्ता मोकळा असेल ही आशा मी दर वेळी करते आणि दर वेळी तळेगाव-चाकण रस्ता मला माझी जागा दाखवतो. पुढे नव्याकोऱ्या मोटारी पोटात घेतलेला लांबलचक ट्रेलर, मागे कंपनीच्या बसचा हॉर्न. तासभर मी मनातल्या मनात त्या बाईला शिकवत होते. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. पोचेपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं आणि पाराही चांगला चढला होता.

ती बाई माझ्याच वयाची निघाली. साडीवर कंपनीचा निळा एप्रन, पायात सेफ्टी शूज, कपाळावर ठसठशीत कुंकू. निघोज्याची. लाइनवरची निम्मी माणसं तिच्याच गावची, नवऱ्याच्या भावकीतली नाहीतर शेजारपाजारची, त्यामुळे सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा. साहेबसुद्धा मेमो देताना म्हणाले होते म्हणे, "वहिनी, सही करा इथं." मी पण मग वहिनीच म्हणायला लागले.

"वहिनी, हे बघा," मी सुरू केलं, "हे मशीन नाजूक असतं. स्विच एकदाच लावायचा. आलं नाही म्हणून सारखं खालीवर करायचं नाही."

"व्हय म्याडम."

"कागदावर लिहिलंय ना? तस्संच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"व्हय म्याडम."

आजूबाजूची माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, आज शाळा भरली वाटतं." ती हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "म्याडम, दोन वर्सं पॅकिंगला हुते मी. क्रेट उचलून उचलून गुडघं गेलं. शिफ्ट सुटल्यावर हितं उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन हे मशीन शिकले, तवा बसायचं काम मिळालं. आता हितनं काढलं तर परत पॅकिंग. ते काय मला जमायचं न्हाई. म्हंजी घरीच. आज तुमी हायच, तर डोळ्यानं बगून घ्या."

एवढं बोलून तिने कागदाकडे तोंड केलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "एक. कॅमेऱ्यांच्या पट्टीचा स्विच लावा." लावला. "दोन. डब्याचा स्विच लावा." लावला. "तीन. थांबा." मग मागे सरून स्टुलावर बसली आणि पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "बगा म्याडम. हात हितं हायत."

पडद्यावर चार पांढऱ्या ओळी आल्या आणि पुढे सामसूम.

माणसं हसायला लागली. माझे कान तापले. मी म्हटलं, "केबल सैल असेल." केबल घट्ट होती. म्हटलं, "व्होल्टेज कमी असेल." साहेबांनी मीटर दाखवला, व्होल्टेज उत्तम. नाचता येईना आणि अंगणही सरळ, अशी माझी गत. साहेबांनी खिशातून पेन काढलं. "मग मॅडम, तिसरा मेमो..."

"थांबा हो जरा!" मी इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या मशीनवरच्यांनी वळून बघितलं.

पुन्हा सगळं बंद केलं. पुन्हा कागदाप्रमाणे, या वेळी माझ्या हाताने. पुन्हा चार ओळी. लाइन उभीच होती, साहेब घड्याळ बघत होते. तेव्हा ती वहिनी हळूच म्हणाली, "म्याडम, आता माज्या पद्धतीनं लावू का?"

मी बाजूला झाले. तिने आधी डब्याला हात लावला, तो कपाळाला नेला आणि डब्याचा स्विच लावला. पट्टीला हातही लावला नाही. पडदा पूर्ण उजळेपर्यंत शांत उभी राहिली. मग पट्टीचा स्विच. प्रत्येक कॅमेऱ्याच्या खाली एक हिरवा दिवा असतो. एक लागला. दुसरा लागला. मग तिसरा. असे ओळीने सोळाही लागले आणि लाइन सुरू झाली. माणसं आपापल्या जागी गेली, जणू हे दर शुक्रवारचंच होतं. त्यांच्यासाठी होतंच ते दर शुक्रवारचं.

"हे असं उलटं का लावलं तुम्ही?"

"उलटं न्हाई वो. आधी थोरल्याला उठवायचं, मग धाकट्यांना. तुमचा कागद यायच्या आधी असंच लावत हुते की मी. आता कागद लागल्यापासनं पयल्यांदा कागदावानी लावायचं, बंद पडलं की आपल्यावानी लावायचं, आन मग मेमो घ्यायचा." ती डब्यावरची धूळ फडक्याने पुसत होती. "तुमी बगितलं न्हाई का, कागदावानी लावलं की समदं दिवं एकदम लागत्यात. घरात बगा, आई उठायच्या आधी समदी पोरं एकदम उठली तर काय हुतंय? परत्येक जण आपलं आपलं पातेलं घिऊन सैपाकघरात. ह्याला बी च्या, त्याला बी च्या. एक पातेलं समद्यांना पुरतंय, पर ऐकतंय कोन? आन सैपाकघर एवडंसं. मंग आईलाच आत शिरायला जागा न्हाई."

मी तिथेच एका पालथ्या क्रेटवर बसले. अगं बाई! सोळा कॅमेरे. कागदाप्रमाणे लावलं तर डबा जागा होण्याआधीच सोळाच्या सोळा तयार होऊन बसायचे. कर्नलने डोळे उघडले की समोर सोळा एकदम. प्रत्येकाने आपापलं मॉड्यूल मागितलं, एकच मॉड्यूल, सोळा वेळा. माझा हुशार कारभारी प्रत्येकासाठी वेगळा माणूस धाडायचा, प्रत्येक माणूस तीच फाइल स्वतंत्र उचलून मेमरीत घेऊन यायचा, आणि आत आल्यावर त्याला कळायचं की अरे, हे तर आधीच कुणीतरी आणलंय. पण तोपर्यंत सगळ्यांनी सामान आणून ठेवलेलं. मेमरी भरली, डबा अडकला. कधी अकरा मागण्यांवर, कधी चौदावर, जिथे जागा संपेल तिथे. वहिनीच्या पद्धतीने पट्टी लावली तेव्हा डबा जागा असायचा, आणि सुरू व्हायला प्रत्येक कॅमेऱ्याला कमीजास्त वेळ लागत असल्याने ते त्याच्यासमोर एकेक करून यायचे. पहिला मागायचा, मॉड्यूल यायचं, बाकीच्यांना मागायची वेळच यायची नाही.

आमच्या ऑफिसात हे कधी दिसलं नाही, कारण माझ्या टेबलावर कॅमेरे दोनच होते. दोन जणांनी दोन पातेली आणली तर कुणाचं काय अडतंय? आणि डब्यातली मेमरी मालकांनी निम्मी केली तेव्हा "पुरेल हो" म्हणणारी मीच होते.

"साहेब," मी म्हटलं, "तिसरा मेमो लिहू नका. मला एक आठवडा द्या."

"पण मॅडम, फॉर्ममध्ये काहीतरी कारण तर..."

"लिहा, तपास चालू."

"तसा रकाना नाहीये." शेवटी त्यांनी रकान्याच्या बाहेर समासात लिहिलं. त्यांच्या दृष्टीने तो केवढा मोठा त्याग होता, हे मला आता कळतं. जाताना मात्र त्यांनी बजावलं, "पुढच्या शुक्रवारी कागदाप्रमाणे लागलं पाहिजे. ऑडिटने पास केलेला कागद आता बदलता येत नाही, आणि वहिनींच्या पद्धतीने लागतंय हे मला ऑडिटला दाखवता येणार नाही. नाही लागलं तर माझा नाइलाज आहे. रिन्यूअलची यादी शनिवारी जाते."

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा, आणि डावावर लागलेलं काम माझं नव्हे, तिचं. मला त्याची लाज वाटली, खरंच वाटली. चोर माडीवर चहा पीत होता आणि संन्याशिणीला दोनदा फाशी देऊन झाली होती.

चिंचवडला आल्यावर आधी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सोळा कॅमेऱ्यांचं सोंग घेतो आणि सोळांच्या वतीने एकदम मागणी करतो. चालवला. माझ्या टेबलावरचा डबा पहिल्याच फटक्यात अडकला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मालक धावत आले. "झालं का दुरुस्त?" म्हटलं, "नाही, बंद पडलं!" ते माझ्याकडे बघत राहिले. डब्याचं दुखणं आपल्या डोळ्यांसमोर उभं राहिलं की अर्धं काम झालं, हे या धंद्याबाहेरच्या माणसाला कसं समजावणार, आणि आमचे मालक मूळचे पंप विकणारे.

उपाय लिहायला सोपा होता. कर्नलने एक यादी ठेवायची. कुणी मॉड्यूल मागितलं की आधी यादीत बघायचं, हेच आणायला कुणी गेलंय का? गेलं नसेल तर नाव लिहून माणूस धाडायचा. गेलं असेल तर नव्या मागणाऱ्याला सांगायचं, बस बाबा, एक जण गेलाय, तो आला की तुलाही मिळेल. नव्या कर्नलमध्ये जगातल्या शहाण्या माणसांनी असलाच काही बंदोबस्त आधीच करून ठेवलाय, हे मला माहीत होतं. आमच्या डब्यात जुना कर्नल होता, कारण "चालतंय ना, मग कशाला बदलायचा" असं कुणीतरी म्हटलं होतं. कुणी म्हटलं होतं ते आता सांगत नाही.

सोमवारी पहिली आवृत्ती तयार झाली. पंधरा जण शहाण्यासारखे बसून राहिले, एक गेला, मॉड्यूल घेऊन आला. झकास. मंगळवारी मी मुद्दाम ती फाइल बिघडवून ठेवली. एक गेला, त्याला फाइल उघडेना, तो तसाच निघून गेला. पंधरा जण बसलेलेच! दुपारचं जेवण करून आले तरी बसलेले. त्यांना कुणी सांगितलंच नाही की मिळालं नाही. म्हणजे वहिनीच्या भाषेत, चहा संपलाय हे सांगायला कुणी बाहेर आलंच नाही. ते सुधारलं. मग बुधवारी आणखी एक लफडं निघालं, तेही निस्तरलं. गुरुवारी, सगळा पट्टा सुट्टीवर असताना, मी डबा शंभरदा बंद करून शंभरदा लावला. शंभरच्या शंभर वेळा उठला. खालच्या शेडचं मशीनही बंद होतं, चहाच्या कपात लाट नव्हती, आणि मला भीती वाटत होती. टेबलावर उठणं वेगळं, चाकणला उठणं वेगळं.

मग पत्राचा प्रश्न आला. मी लिहिलं, "दोष आमच्या कर्नलमध्ये होता व आमच्या लेखी सूचनेमुळे तो उघड झाला. ऑपरेटरची कोणतीही चूक नाही. त्यांच्याबद्दलचे माझे विधान चुकीचे होते." मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"खरं आहे हे. पण एवढं खरं कशाला? लिही ना, सॉफ्टवेअर अद्ययावत केले."

"मग तिचे मेमो कसे निघणार?"

"ते ते बघतील."

"नाही बघणार. त्यांच्याकडे रकाना नाहीये." माझा आवाज चढला असावा, कारण खिडकीपाशी बसलेल्या आमच्या हिशेबनिसाने कानात हेडफोन घातले. मालक म्हणाले, "ऑर्डर गेली तर तू घेऊन येशील का दुसरी?" आणि सही केली. माणूस वाईट नाही तसा.

शुक्रवारी पहाटे पुन्हा तोच रस्ता, तोच ट्रेलर असावा असं वाटावं इतका तसाच ट्रेलर. या वेळी भाषण पाठ नव्हतं. नवा कर्नल मी डब्यात भरला, सगळं बंद केलं आणि वहिनीकडे बघितलं. तिने कागद वाचायला सुरुवात केली. एक, पट्टीचा स्विच. दोन, डब्याचा स्विच. तीन, थांबा. या वेळी तिने हात डोक्यावर ठेवले नाहीत. मीच नकळत माझे डोक्यावर ठेवले होते, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

पडद्यावर चार पांढऱ्या ओळी आल्या. पाचवी आली. मग भराभरा ओळी धावल्या, सोळा दिवे एकदम लागले आणि पट्टा हलला. साहेबांनी तीनदा बंद करून तीनदा लावायला लावलं. तिन्ही वेळा उठला. मी माझं पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे मशीनची चूक."

"नाही, माझी."

"मशीनची लिहिली असती तर बरं झालं असतं. माणसाची म्हटली की दुसरा फॉर्म लागतो." त्यांनी दुसरा फॉर्म काढला. त्यात रकाना होता, 'चूक करणाऱ्या ऑपरेटरचे नाव'. मी माझं नाव लिहिलं. 'विभाग' मध्ये काय लिहायचं कळेना, मी चिंचवड लिहिलं. साहेबांनी वहिनीचे दोन्ही मेमो फाइलमधून काढले आणि काढल्याची नोंद करून त्याच फाइलला लावले. शनिवारच्या यादीत तिचं नाव आपल्या हाताने लिहून मला दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत समाधान होतं. सगळे रकाने भरले होते.

नऊच्या चहाला मी वहिनीला कँटीनमध्ये गाठलं. तिच्या गावची दोन-तीन माणसं टेबलाशी होतीच. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "वहिनी, चूक माझी होती. मी न बघता तुमच्यावर ढकललं. माफ करा."

तिने मला हाताला धरून खाली बसवलं आणि आपला वडापाव अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवला. "असू द्या वो. निस्तरलं न्हवं आता?"

"पण तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. सायबांना सांगितलं. ते म्हनले, कागद कंपनीचा हाय, मी कसा बदलू. मंग तुमच्या हापिसात फोन केला. कागदाखाली नंबर हुता त्यावर. पयल्याच शुक्रवारी, मेमो यायच्या आधी. एक बाई हुत्या. मी म्हनलं, बाई, तुमी लिवलंय ते उलटं झालंय, आधी डबा लावाय पायजे. तर म्हनल्या, कागदावर लिहिलंय तसं करा. आन ठिवला."

आमच्या अकरा जणांच्या ऑफिसात बाई एकच आहे.

आणि मला आठवलं. सकाळची वेळ, हातात चहा, समोर कुठलातरी लॉग, आणि फोनवर कुणीतरी बाई खेडवळ बोलीत घाईघाईने काहीतरी सांगतेय. तिचं वाक्य पुरं व्हायची मी वाटही बघितली नव्हती. लॉगमधल्या चौदा मागण्या मी एकेक करून मोजल्या होत्या. हिची एकच होती, तीच ऐकली नव्हती. हातातला वडापाव मी खाली ठेवला.

"ती मी होते, वहिनी."

"ठावं हाय मला. गेल्या शुक्रवारी तुमी बोलाय लागला तवाच वळखला आवाज."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चारचौघांत मी तुम्हाला शिकवत होते, डोकं चालवू नका म्हणून!"

"पावन्या माणसाला काय बोलायचं," ती म्हणाली, आणि तिच्या गावची माणसं टेबलावर हात आपटून हसली. मीही हसले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते हसण्यात खपून गेलं, निदान मला तसं वाटलं.

मी तिचा मोबाइल मागून घेतला आणि त्यात माझा स्वतःचा नंबर टाकून दिला. म्हटलं, "आता ऑफिसला नाही, थेट मला फोन करा. कधीही. काहीही वाटलं तरी."

तिने नंबर नीट निरखून बघितला, मोबाइल एप्रनच्या खिशात टाकला आणि उठता उठता विचारलं, "करीन की. उचलाल का पर?"